राबाची टेकडी

कुंभिवलीच्या धाकलूला अक्षर एक येत नव्हतं, पण जमीन वाचता येत होती. तलाठ्याच्या दप्तरातला कागद तो उलटा धरी, आणि तरीही त्यात काय लिहिलंय ते तलाठ्याच्या आधी सांगून मोकळा होई. हा बांध कुणी सरकवला, ते खाचर कुठल्या साली वाहून गेलं, अमक्याच्या कागदावर किती बहिणींचे अंगठे राहिलेत, सगळं त्याच्या डोक्यात पक्कं होतं. घरी बायको सोनाबाई, एक हाताशी आलेला मुलगा चांगो, चार भाताची खाचरं आणि खायला पुरेल इतकं भात. असा माणूस गावोगाव असतो. त्याचं नाव खालापुरापासून कर्जतपर्यंत झालं ते बेचाळीस साली.

जपानी विमानं येणार आणि मुंबईवर बाँब पडणार, अशी हूल उठली. निम्मी मुंबई बोचकी बांधून बाहेर पडली, आणि त्यातले पुष्कळजण कर्जतच्या ठेसनावर उतरले. बाँब काही पडला नाही. पण माणसांच्या मनात एक गोष्ट घुसून बसली, की आपल्या नावावर चार गुंठे तरी असावेत. मग सुरू झाली जमिनी बघणाऱ्यांची रीघ. कुणी कारकून, कुणी गिरणीतला जॉबर, कुणी पेन्शनर मास्तर. भात झाडाला लागतं की वेलीला, याचा पत्ता नाही, आणि निघाले जमीन घ्यायला! अशा गिऱ्हाइकांना लुबाडणारे दलाल तेव्हा ठेसनापासूनच मागे लागत. धाकलू तसा नव्हता. दलाली घेई, पण एकाच बाजूची, आणि खोटं बोलत नसे.

श्रावणात कुणी जमीन बघायला आलं की त्याचं डोकं फिरे. "आता कशाला आलाव? आता माझं टक्कलबी हिरवं दिसंल. वैशाखात या," म्हणून तो माणसाला चहा पाजून परत पाठवी. वैशाखात आला की त्याला पायातलं काढायला लावी आणि भर उन्हात सगळे बांध फिरवी. पाय पोळले की माणूस जागेपणी बघतो, असं त्याचं म्हणणं. मालकाला काही विचारू नका, पाणी भरणाऱ्या बाईला विचारा, विहीर कधी आटते ते. बैलगाडी कुठून येते ते बघा, दुसऱ्याच्या शेतातून येत असेल तर तो उद्या काटी घालील. कागदावर नाव कुणाचं हे मागाहून, आधी कसतो कोण ते विचारा. आणि कसणारा उठायला तयार नसेल तर तो कागद चुलीत घाला. लेकीबाळींचे अंगठे घेतल्याशिवाय इसार देऊ नका, भाऊ कितीही गोड बोलला तरी. हे सगळं तो असं खेकसून सांगे, की ऐकणाऱ्याला वाटावं याच्याच खिशातले पैसे चाललेत.

त्याच्या शब्दावर जमीन घेतलेला एकही माणूस रडत परत आला नव्हता. दोन-तीन वर्षं असं चाललं. आता माणूस म्हटला की थोडी हवा डोक्यात जायचीच, आणि धाकलूच्याही गेली. आपण बघितली ती जमीन खोटी निघूच शकत नाही, असं त्याला वाटायला लागलं. दलालीच्या पैशातून त्यानं घरामागची टेकडी विकत घेतली, स्वतःच्या नावावर, रीतसर कर्जतला रजिस्टर करून. हे ध्यानात ठेवा. स्वतःसाठी त्यानं कागद केला होता.

टेकडी घेतली ती राबासाठी. आमच्याकडे नुसतं खाचर असून भागत नाही. मृगाआधी भाताचं रोप ज्या तुकड्यात पेरायचं, त्या तुकड्यावर झाडांचा टहाळ, शेण, पालापाचोळा अंथरून वर माती टाकून जाळतात. त्याला राब म्हणायचं. राब भाजला की तण मरतं, जमीन कसदार होते आणि रोप काळंभोर वर येतं. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर लावणी कसली करणार? म्हणून खाचराच्या जोडीला झाडांची उतरण लागते. तिला वरकस म्हणतात. तिच्यात दाणा पिकत नाही, म्हणून शहरातला माणूस तिच्याकडे बघतही नाही. पण तिच्याशिवाय खालचं सोन्यासारखं खाचर उपाशी.

पंचेचाळीसच्या फाल्गुनात इंदूबाई आली. बरोबर दहा वर्षांची मुलगी, चिमा. इंदूबाईचा नवरा मुंबईच्या गोदीत कामाला होता. आदल्या वर्षी गोदीत जो स्फोट झाला त्यात तो गेला. जाळायलासुद्धा काही सापडलं नाही. सरकारनं भरपाई दिली, तेवढीच काय ती तिची पुंजी. माझगावच्या खोलीत बसून ती पुंजी खाल्ली तर तीन वर्षांत संपेल, हे तिला कळत होतं. माहेर पालीकडचं, लहानपणी गुडघाभर चिखलात उभं राहून लावण्या केलेल्या. भाताचं खाचर घ्यायचं आणि मुलीला घेऊन तिथंच राहायचं, असं तिनं ठरवलं होतं. कुणीतरी धाकलूचं नाव सांगितलं.

"बाई, तुमी एकल्या. जमिनीला मानूस लागतंय," धाकलू म्हणाला.

"मी माणूसच आहे," इंदूबाई म्हणाली.

धाकलूला ती आवडली. त्यानं तिला दोन महिने थांबवलं, वैशाखात बोलावलं, अनवाणी फिरवलं. ओढ्याकडेची तीन खाचरं, मालक चौकचा, विकायला तयार. पाणी चांगलं, कूळ नाही, वाट स्वतःची, बहिणींचे अंगठे धाकलूनं स्वतः घरोघर जाऊन मिळवले. एकच गोष्ट राहिली होती, आणि ती इंदूबाईनंच काढली. ती काही शहरातली अडाणी नव्हती.

"भाऊ, राब कुठनं?"

धाकलूनं ओढ्यापलीकडची उतरण दाखवली. ऐन आणि किंजळीची दाट झाडं होती. उतरण होती आबाजीची. आबाजी म्हातारा, शब्दाचा पक्का. तीन पिढ्या या खाचरांचा मालक त्या उतरणीवरचा टहाळ तोडत आला होता. बदल्यात आबाजीच्या लावणीला एक दिवस दोन माणसं पाठवायची, एवढीच रीत. कागद नव्हता, कधी कुणाला त्याची गरजही पडली नव्हती.

इंदूबाईनं उतरण खालपासून वरपर्यंत नजरेनं मोजली. "आबाजी थोडी उतरण विकतील का? किंवा निदान लिहून देतील? माझ्याकडे थोडे पैसे उरतायत."

आबाजी नाही म्हणाला नसता. हे धाकलूला माहीत होतं. पण त्याला हसू आलं. "कशाला? माझ्या आज्यापासून चालत आलंय. आबाजीपाशी कागद मागायचा म्हंजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवायचा. त्या पैशाचा बैल घ्या, कामाला यील."

इंदूबाईनं बैल घेतला.

पहिलं साल झकास गेलं. आबाजीच्या उतरणीवरचा टहाळ, रोप असं आलं की रस्त्यानं जाणारा थांबून बघे. दिवाळीत इंदूबाईनं नव्या भाताचे पोहे घेऊन येऊन धाकलूला ओवाळलं. सोनाबाईला नणंद नव्हती, तीही मिळाली. चिमा चांगोच्या मागे मागे ओढ्यावर खेकडे पकडायला जाई. धाकलू चार लोकांत सांगे, "बगा, बाईमानूस. कुनाच्या शब्दावर घेतली?"

आणि पौषात आबाजी गेला.

म्हाताऱ्याला मूल नव्हतं. उतरण चौकला राहणाऱ्या पुतण्याच्या नावावर झाली. तेव्हा लढाई संपली होती, पण पेट्रोल मिळत नव्हतं. पुणे रस्त्यावरच्या मोटारी मागे शेगडी लावून कोळशाच्या धुरावर चालत, आणि मुंबईच्या घरोघरच्या चुलीला कोळसा लागे. कोळशाला सोन्याचा भाव. पुतण्यानं सगळी उतरण एका कोळशाच्या व्यापाऱ्याला तोडायला दिली. माघ संपता संपता वरच्या वाडीवरचा शुक्रा कातकरी आपलं बिऱ्हाड घेऊन उतरणीवर आला, कुऱ्हाडी चालू झाल्या आणि भट्ट्या लागल्या.

धाकलू धावत वर गेला. राबासाठी झाड मारायचं नसतं, फांद्या उतरवायच्या असतात. पुढच्या साली ती पुन्हा फुटतात. इथं झाडं बुंध्यातून आडवी होत होती.

"शुक्रा, बुडापासनं का रं तोडतूस?"

शुक्रानं कुऱ्हाड खाली ठेवली. "शेठनं सांगलाय. मजुरी शेठची हाय, दादा. मी काय करू?"

शुक्राचं खरंच होतं. त्याचीही तीन पोरं त्या मजुरीवर जगत होती. धाकलू तिथून तडक चौकला पुतण्याकडे गेला. पुतण्यानं बसायला पाट दिला, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, आणि शांतपणे म्हणाला, "काकांनी शब्द दिला आसंल. काका गेलं. तुमच्यापाशी कागद हाय का?"

शेकडो माणसांना धाकलूनं हेच विचारायला शिकवलं होतं. आता त्याच्याच तोंडावर ते आलं. तो पाणी न पिता उठला.

त्या साली इंदूबाईनं रानोमाळ फिरून पालापाचोळा गोळा केला, शेण गोळा केलं. गावात टहाळ कोण देणार? ज्याचा त्याला पुरत नाही. धाकलूनं आपल्या टेकडीवरचे चार भारे दिले. चार भाऱ्यांनी काय होतं? रोप पिवळं, विरळ, तणानं गिळलेलं. पीक निम्म्यावर आलं. पुढच्या साली बैल विकला. लावणी संपता संपता देश स्वतंत्र झाला, कुंभिवलीच्या शाळेत पोरांना साखर वाटली. इंदूबाई तेव्हा ओढ्याकडेच्या खाचरात मेलेली रोपं उपटून टाकत होती. दसऱ्याच्या आत तिनं चिमाला कर्जतला एका व्यापाऱ्याच्या घरी भांडी घासायला ठेवलं. जेवण आणि वर्षाला दोन परकर. दर रविवारी ती चालत कर्जतला जाई आणि मागच्या दारातून मुलीला बघून येई. एकदा धाकलू बरोबर गेला. चिमाच्या बोटांना राखेनं भेगा पडल्या होत्या. ती मामा म्हणाली नाही.

परतीच्या वाटेवर इंदूबाई एकच वाक्य बोलली. "भाऊ, मी विचारलं होतं."

तिनं शिव्या दिल्या असत्या, कपाळ बडवून घेतलं असतं, तर बरं झालं असतं. धाकलूला त्या रात्री जेवण गेलं नाही. सोनाबाईनं ताट झाकून ठेवलं.

अठ्ठेचाळीसच्या माघात इंदूबाई म्हणाली, "जमीन विकून द्या. पोरीला घेऊन पालीला भावाकडे जाते. घेतली त्या भावात गेली तरी पुष्कळ."

घेतली त्या भावात! आसपासच्या कुणीही ती खाचरं फुकटसुद्धा घेतली नसती. आबाजीची उतरण बोडकी झालेली साऱ्या तालुक्याला दिसत होती. घेणारा बाहेरचाच हवा होता, आणि तोही राब न कळणारा.

तसा एक माणूस धाकलूकडे आपणहून आला. विठू, साताऱ्याकडचा, रेल्वेच्या घाटलाइनीवर मुकादम. तीस वर्षं त्यानं पळसदरीच्या वरच्या बोगद्यांत पावसात दगड हलवले होते. आता नोकरी संपली, फंड हातात आला, आणि गावाकडची वाटणी केव्हाच भावांनी गिळलेली. त्याच्या मुलखात देशावरची शेती, ज्वारी-बाजरीची. राब हा शब्द त्यानं कर्जतच्या बाजारात नुसता ऐकला होता.

धाकलू त्याला वैशाखात या म्हणाला नाही. लगेच चला म्हणाला.

खाचराच्या बांधावर इंदूबाई उभी होती. विठूनं ओढ्याचं पाणी बघितलं, माती मुठीत घेऊन बघितली, खूश झाला. मग म्हणाला, "बाजारात लोक म्हनत्यात, धाकलूदादा सांगंल ती जमीन डोळं झाकून घ्यावी. मला काय कळत न्हाई. एवढंच इचारतो, ते राबाचं म्हनत्यात, ते हाय का ह्या जमिनीला?"

आता नाही म्हटलं की संपलं. विठू उठून जाईल, इंदूबाई अडकून पडेल, आणि चिमा राखेनं भांडी घासत राहील. मग धाकलूचा हात वर गेला, आणि त्यानं बोट दाखवलं ते पलीकडच्या बोडक्या उतरणीकडे नाही, तर स्वतःच्या घरामागच्या टेकडीकडे. झाडांनी भरलेली, चार वर्षं जपलेली.

"ती टेकडी ह्या जमिनीची," तो म्हणाला. "टहाळ तिथला तोडायचा. पयल्यापासनंचं हाय."

विठूनं टेकडीला नमस्कार केला. खरंच, हात जोडून नमस्कार केला त्यानं. इंदूबाईनं धाकलूकडे बघितलं आणि मान खाली घातली.

खरेदी झाली. पैसे मिळाले त्याच दिवशी ती कर्जतला गेली आणि चिमाला घेऊन आली. दुसऱ्या दिवशी निघताना बोचकं डोक्यावर घेऊन ती धाकलूच्या अंगणात थांबली.

"भाऊ, ती टेकडी तुमची."

"हाय."

"मग तो माणूस तोडायला गेला की?"

"तू पोरीला घिऊन जा," धाकलू म्हणाला. "मागं वळून बगू नको." आणि स्वतःच घरात गेला, तिला वळून बघायची वेळ येऊ नये म्हणून.

चैत्रात एका सकाळी सोनाबाई परसात शेणी थापत होती. वर टेकडीवर कोयत्याचा आवाज आला. तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं.

"अवो, आपल्या टेकडीवर मानूस चढलाय. टहाळ तोडतोय."

"तोडू दे," धाकलू म्हणाला.

मग तिला सगळं सांगावं लागलं. सोनाबाई आयुष्यात नवऱ्यावर मोठ्यानं बोलली नव्हती. त्या दिवशी तिनं शेणाचे हात तसेच घेऊन त्याला उभाआडवा घेतला. इंदूला सोडवायचं होतं तर आपलं भात विकून दिलं असतंत, दागिना मोडला असतात, मी दिला असता. हे काय करून बसलात? शेजाऱ्याचं घर शाकारायला आपलं छप्पर ओढलंत! आणि मग ती रडायला लागली. कारण दागिना मोडून इंदूबाई सुटली नसती, हे तिलाही कळत होतं. खाचरं तशीच पडून राहिली असती.

विठू रोज सकाळी टेकडीवरून उतरताना अंगणात थांबे. "दादा, सोन्यासारखी टेकडी हाय. तुमचे उपकार." मिशीत हसत भारा घेऊन खाली जाई. धाकलू मान हलवी. गावाला वाटे, त्यानं आपणहून टहाळ दिलाय. उरलेल्या टहाळात धाकलूचं रोप निम्मं झालं. त्या साली त्यांच्या घरात दिवाळीपासूनच नाचणीची पेज चालू झाली, जी पूर्वी फक्त आजारी माणसाला मिळे. विठूचं पीक मात्र छान आलं. त्यानं कर्जतभर सांगितलं की धाकलू हा देवमाणूस आहे, आणि त्यानं सांगितल्यामुळे आणखी दोघे जमीन बघायला आले. धाकलूनं त्यांना गुडघा दुखतो म्हणून परत पाठवलं.

भात कापून झाल्यावर त्याला हिवतापानं धरलं. आठ दिवस अंथरुणात. नवव्या दिवशी ताप उतरला तेव्हा चांगो शेजारी बसला होता. त्याला आईकडून सगळं कळलं होतं.

"बाबा, येक सांगून ठिवतो," चांगो म्हणाला. "तुमी हाय तवर मी बोलनार नाय. पन तुमचं डोळं मिटलं की त्या मानसाला टेकडीवर पाय ठिवू देनार नाय. शब्द तुमी दिलाव. माझ्याकडं तो कागद मागंल, तर कागद कुठं हाय?"

धाकलूला पोराचा राग यावा असं त्यात काही नव्हतं. चौकला पुतण्या जे बोलला तेच पोरगं बोललं होतं, आणि दोघांचंही बरोबर होतं. आपण मेलो की विठूची खाचरं पुन्हा उपाशी मरणार. साठीचा माणूस, फंड गेलेला, पुन्हा घाटात दगड हलवायला जाणार का? हे थांबवायचं तर एकच मार्ग होता. आणि त्या मार्गावर आपलं काय होणार, हेही त्याला लख्ख दिसत होतं. गरिबी त्याला नवी नव्हती. पण आजवर कुणी त्याला खोटा म्हटलं नव्हतं. त्याच्याकडे दुसरं होतंच काय?

पौषात तो विठूला म्हणाला, "कर्जतला यायचंय. टेकडीचं जरा कागदाचं काम हाय." विठूनं स्वच्छ धोतर नेसलं आणि बैलगाडीत येऊन बसला. वाटेत तो घाटातल्या गमती सांगत होता. एकदा बोगद्यात माकड अडकलं होतं, त्याची गोष्ट त्यानं दोनदा सांगितली. धाकलूला दोन्ही वेळा हसावं लागलं.

रजिस्टर कचेरीत कारकुनानं दस्त मोठ्यानं वाचायला घेतला. लिहून देणार धाकलू, राहणार कुंभिवली. आपल्या खुद्द खरेदीच्या आणि मालकीच्या वरकस जमिनीचा नंबर विठूस कायमचा देत आहे, मोबदला घेतला नाही.

"थांबा," विठू म्हणाला. "मालकी त्यांची कशी? ती टेकडी माझ्या जमिनीबरोबरची हाय."

कारकुनानं चष्म्यावरून बघितलं. "चव्वेचाळीसपासून यांच्या नावावर आहे. तुमच्या जमिनीचा तिच्याशी काय संबंध?"

विठू धाकलूकडे वळला. कचेरीत आणखी पाच-सहा माणसं होती, त्यातली निम्मी धाकलूला ओळखणारी.

"तुज्या जमिनीला राब नव्हता," धाकलू म्हणाला. "मी खोटं बोल्लो. त्या बाईची पोर सोडवायची व्हती. तू मला इचारलंस, आन मी तुला फसवलं." आणखी सांगण्यासारखं काही नव्हतंच.

विठूचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तो रागावला नाही, ओरडला नाही. तीस वर्षांच्या बोगद्यांत त्यानं पुष्कळ पाहिलं होतं. त्याला लागलं ते दुसरंच. एक वर्षभर रोज सकाळी ज्या माणसाला त्यानं हात जोडले, तो माणूस रोज सकाळी ते हात बघत होता आणि गप्प बसत होता.

"मी रोज तुमचं नाव घेत व्हतो," तो म्हणाला. "घरी देवापुढं."

मग त्यानं दस्तावर सही केली. घेणं भाग होतं, टेकडीशिवाय तो जगणार नव्हता. दस्ताची नक्कल धोतराच्या सोग्यात बांधून तो बाहेर पडला आणि कर्जतपासून कुंभिवलीपर्यंत चालत गेला. धाकलू रिकामी गाडी घेऊन मागे मागे आला. एकदा हाक मारली. विठू रस्ता सोडून शेतातून गेला.

त्या चैत्रात विठू टहाळ तोडायला आला तो टेकडीच्या पलीकडच्या बाजूनं, धाकलूचं अंगण टाळून. सोनाबाईनं त्याला ताक नेऊन दिलं. त्यानं लोटा घेतला नाही, पण वहिनी, तुमचा राग नाही, असं म्हणाला. चांगो खोपोलीला कामाला लागला. टेकडी गेल्यावर दोन माणसांनी खपावं एवढी शेती उरलीच नव्हती. धाकलूच्या दारात कुणी जमिनीचं विचारायला येईनासं झालं. कचेरीतली गोष्ट त्याच्या आधी गावोगाव पोहोचली होती.

वैशाखात धाकलू तंबाखू आणायला हमरस्त्यावर गेला. चहाच्या झोपडीत मुंबईचा एक माणूस बसला होता. अंगात कोट, मांडीवर पिशवी, पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. पैसे त्यातच असणार. त्याच्या समोरच्या बाकावर विठू होता.

"मला सांगितलंय की इथं धाकलू म्हणून कुणी आहे," तो माणूस म्हणत होता. "जमीन घ्यायची तर त्याला दाखवावी."

"नका जाऊ," विठू म्हणाला. "त्याच्या शब्दावर घिऊ नका. पस्तावाल."

धाकलू दारातच उभा राहिला. विठूनं त्याला बघितलं आणि तोंड फिरवलं. झोपडीतला चहावाला भांडी उगाच हलवायला लागला. मुंबईच्या माणसाला काही उमगलं नाही. दारात एक म्हातारा शेतकरी उभा आहे एवढंच त्याला दिसलं.

"काय हो, तुम्ही इथलेच ना?" त्यानं विचारलं. "हे म्हणतात ते खरं का? त्या धाकलूवर भरवसा ठेवण्यासारखा नाही?"

"खरं हाय," धाकलू म्हणाला. "नका जाऊ त्याच्याकडं."

"ओळखता तुम्ही त्याला?"

"वळखतो." धाकलूनं तंबाखूची पुडी घेतली, पैसे ठेवले. निघता निघता तो पुन्हा थांबला. "कुनाच्याच शब्दावर घिऊ नका. राब कुठला, ते कागदावर बगा. कुनी म्हातारं मानूस म्हनंल, कागद कशाला, आज्यापासनं चालत आलंय, तर तिथनंच माघारी फिरा."

"बरं झालं भेटलात," तो माणूस म्हणाला. "नाव काय आपलं?"

धाकलूनं विठूकडे बघितलं. विठू कपात बघत होता. त्यानं नाव सांगितलं नाही, आणि धाकलूनंही नाही.